ठाण्याहून दुबईला बिऱ्हाड: गोड धक्के आणि त्यांची आधीची तजवीज

दुबईला नोकरी लागली असं कळलं की सोसायटीच्या गेटपासून लिफ्टपर्यंत जो भेटेल तो तेच सांगतो: उन्हाळा भयंकर, भाडं भयंकर, जपून राहा. खोटं काहीच नाही. पण तिथे राहायला गेल्यावर जे सुखाचं निघतं ते कुणी आधी सांगत नाही, आणि त्यातलं बरंचसं आपोआप पदरात पडतही नाही. नळाचं पाणी, हिवाळा, मासळी, फ्लेमिंगो या सगळ्यांत एखादी छोटी युक्ती किंवा अट दडलेली असते. ठाणे-नवी मुंबईतून निघणाऱ्या कुटुंबांसाठी त्या अटी इथे मांडल्या आहेत. जिथे घोटाळे जास्त होतात तिथे सविस्तर, बाकी थोडक्यात.

निघायचं कधी

तारखेत वाव असेल तर कंपनीकडे सप्टेंबर मागा. जून ते ऑगस्ट पारा चाळिशीच्या वर असतो. शहर वाळवंटातलं असलं तरी समुद्राला लागून आहे, त्यामुळे रात्री दमटपणा असा की चष्म्याच्या काचा बाहेर पडताच धुकटतात. ठाणेकराला घाम नवा नाही, पण चाळीस अंशांतला घाम नवा आहे. सप्टेंबरात उतरलात तर त्रासाचे चार-सहा आठवडे निघतात, ऑक्टोबर संपता संपता हवा वळते आणि पुढे मार्चपर्यंत पाच महिने शहर तुमचं. घर शोधणं, शाळा पाहणं, फर्निचर आणणं ही पायपीट सुसह्य हवेत होते. मे महिन्यात पोहोचलेला माणूस चार महिने एसीबाहेर पडत नाही आणि त्याचं दुबईबद्दलचं मत तिथेच पक्कं होतं.

दुसरं कारण प्राप्तिकराचं आहे आणि ते जास्त पैशांचं आहे. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून जास्त भारतात राहिला, तर त्या वर्षापुरता तो निवासी ठरतो आणि परदेशातला पगारही इथे करपात्र होतो. दुबईत पगारावर कर नाही, त्यामुळे 'तिकडे भरला' म्हणून इथे वजावटही मिळत नाही. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. निघण्याचा दिवस भारतातलाच धरायचा. इथे हमखास चूक होते ती दिवाळीची. २५ सप्टेंबरला निघालेला माणूस दिवाळीला आठ दिवस घरी आला की ते आठ दिवसही त्याच हिशेबात चढतात. त्याच मार्चपर्यंत एखादी चक्कर मारायची असेल तर तेवढे दिवस आधी निघा. पगार आधी तिथल्या खात्यात जमा होऊ द्या, मग इकडे पाठवा. नेमका हिशेब आपल्या सीएकडून तपासून घ्या, पण तिकीट काढायच्या आधी.

मुलं असतील तर हे गणित थोडं बिघडतं, कारण सीबीएसई शाळांचं वर्ष तिथेही एप्रिलमध्ये सुरू होतं. पुष्कळ घरांत कमावणारा सप्टेंबरात जातो आणि बाकीचे मार्चअखेर परीक्षा आटोपून. सहा महिने अवघड जातात, पण तोवर घर लागलेलं असतं.

कागद: नावांचा घोळ

नोकरीच्या प्रकारानुसार पदवीचं, आणि कुटुंबाच्या व्हिसासाठी विवाहाचं व मुलांच्या जन्माचं प्रमाणपत्र साक्षांकित करून न्यावं लागतं. साखळी अशी: आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग संयुक्त अरब अमिरातीचा भारतातला दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आणि तिथे पोहोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. अमेरिकेला गेलेल्या मावसभावाने सांगितलेलं अपोस्टिल, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय कराराखाली कागदावर मारला जाणारा शिक्का, इथे चालत नाही, कारण अमिरातीने त्या करारावर सही केलेली नाही. अपोस्टिलचा शिक्का मारून घेतलात तर पैसे गेले आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

शिक्क्यांना वेळ लागतो, पण अडकतं ते नावांमुळे. पासपोर्टवर 'पहिलं नाव' या रकान्यात आपल्याकडे स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन्ही नावं एकत्र असतात. पदवीवर आडनाव आधी असतं. लग्नाच्या दाखल्यावर मुलीचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कधी माहेरचं, कधी नुसतंच 'सौ.' लावून. इथल्या कारकुनाला ही एकच बाई हे दिसतं, तिथल्या संगणकाला दिसत नाही. म्हणून सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि एका कोऱ्या कागदावर प्रत्येक माणसाचं नाव प्रत्येक दाखल्यावर अक्षरशः कसं लिहिलंय ते उतरवा. इंग्रजी स्पेलिंगसकट. फरक दिसला की महापालिकेतून दुरुस्त दाखला आधी घ्या, साक्षांकन नंतर. उलट क्रमाने केलं तर दुरुस्त दाखल्यावर सगळे शिक्के पुन्हा. जन्मदाखला जुना, हाताने लिहिलेला किंवा बाळाचं नाव न घातलेला असेल तर नवीन संगणकीय प्रत काढा. पासपोर्टमध्येच बदल हवा असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायचं हे पहिलं काम.

घरातलं कुणी दहावी पास नसेल आणि नोकरीसाठी जात असेल तर त्याच्या पासपोर्टवर इसीआर, म्हणजे 'परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक', अशी नोंद आहे का पाहा. अमिराती इसीआर देशांच्या यादीत आहे, त्यामुळे अशा माणसाला सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी लागते. आणि नोकरीच्या व्हिसाचा खर्च तिथल्या कायद्याने मालकाने करायचा असतो. 'व्हिसाचे पैसे भरा' म्हणणारा एजंट भेटला तर तिथेच थांबा.

बॅगेत खसखस नको

हा भाग महाराष्ट्रातल्या घरांसाठी मुद्दाम सविस्तर. खसखस अमिरातीत बंदी असलेल्या अमली पदार्थांच्या यादीत येते. अनारशांवरची, डिंकाच्या लाडवातली, सांडग्या मिरचीतली, कुणी हौसेने गोड्या मसाल्यात घातलेली, सगळी. आईने करून दिलेल्या मसाल्याच्या डब्यात ती आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नसतं, तेव्हा डबा भरण्यापूर्वी तिला विचारा. 'थोडीशीच घातलीय' हे उत्तर आलं तर डबा घरीच ठेवा. लाडवांसाठी एक घाणा खसखस वगळून करून घ्या, भाजलेलं खोबरं आणि खारीक वाढवली की उणीव जाणवत नाही. विड्याची पानं आणि गुटखाही बंद, तेव्हा आजोबांचा पानाचा डबा रिकामा करूनच न्यायचा.

मसाले न्यायचेच असतील तर घरच्या पुडीपेक्षा छापील लेबलाचं बंद पाकीट बरं. खरं तर फारसं नेऊच नका. पहिला गोड धक्का हाच: बर दुबई, करामा, अल नहदा या भागांत भाकरीचं पीठ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कोकम, मटकी, सगळं मिळतं. अकोल्याच्या धनंजय दातारांची 'अल आदिल' दुकानं याच मालावर वाढली आणि दातारांना तिथे 'मसाला किंग' म्हणतात. हापूसच्या पेट्याही हंगामात येतात.

औषधांचंही तसंच. कोडीनचा खोकल्याचा पातळ काढा, ट्रामाडॉल, प्रेगाबॅलिन, झोपेच्या किंवा घाबरेपणाच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित यादीत आहेत. अशा औषधासाठी डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी आणि तिथल्या आरोग्य यंत्रणेची ऑनलाइन परवानगी निघण्याआधी घ्यायची. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्याही मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट न्या, आठवड्याच्या वारांच्या प्लास्टिक डबीत मोकळ्या नव्हे.

न्यावं असं खरोखर थोडंच: प्रेशर कुकर आणि त्याच्या दोन गास्केट, पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, चष्म्याची जादा जोडी. मिक्सर चालतो, कारण वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त पिना वेगळ्या, ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी. अॅडाप्टरवर मिक्सर रोज फिरवला की तो सैल होऊन तापतो, त्यामुळे प्लगच बदलून घ्या. शेगडी नेऊ नका, नव्या इमारतींत काचेची सपाट इलेक्ट्रिक शेगडी असण्याची शक्यता मोठी. तिच्यावर खोलगट लोखंडी तवा टेकत नाही आणि भाकरी मध्ये जळून कडेला कच्ची राहते. घर ठरल्यावर स्वयंपाकघराचा फोटो मागवा, मग तवा कुठला ते ठरवा.

घर: एकाला दुसरं अडलेलं

क्रम पाळला तर महिन्यात बस्तान बसतं. नोकरीच्या प्रवेश परवान्यावर उतरायचं, मग रक्त आणि छातीच्या एक्स-रेची वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, मग एमिरेट्स आयडी हे तिथलं ओळखपत्र. आयडीशिवाय बँक खातं नीट होत नाही, खात्याशिवाय चेकबुक नाही आणि चेकबुकाशिवाय घर मिळणं कठीण, कारण वार्षिक भाडं पुढच्या तारखांच्या चेकांनी देतात. कधी एक, बहुधा चार, क्वचित बारा. त्यामुळे पहिल्या तीन-चार आठवड्यांचा मुक्काम कंपनीकडून मागून घ्या.

भाड्याशिवायचे खर्च आधीच बाजूला ठेवा. अनामत साधारण वार्षिक भाड्याच्या ५ टक्के, सामानासकट घर असेल तर १०. दलाली बहुधा ५ टक्के. करार 'इजारी' या सरकारी भाडे-नोंदणीत नोंदवायचा, या अरबी शब्दाचा अर्थच 'माझं भाडं'. नोंद झाल्यावर वीज-पाण्याचं कनेक्शन, त्याची अनामत फ्लॅटला २,००० दिरहम. वीज-पाणी खात्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप 'देवा' असं होतं आणि ऑगस्टचं बिल पाहून मराठी माणूस तेच म्हणतो. त्याच बिलात वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क बारा हप्त्यांत येतं. ते आलं की 'मीटर बिघडला' म्हणून तक्रार करायला धावू नका.

घर पाहताना एक प्रश्न न विसरता विचारा: चिलर भाड्यात आहे का? बऱ्याच टॉवरांत एसीसाठी लागणारं थंड पाणी बाहेरच्या कंपनीकडून येतं, त्याचं बिल वेगळं आणि त्यातला एक आकार तुम्ही एसी लावा न लावा द्यावाच लागतो. 'चिलर फ्री' घराचं भाडं थोडं चढं असलं तरी बरेचदा तेच स्वस्त पडतं.

शेजारच्या शारजात घर घेतलं तर भाडं कमी, हे खरं. पण सकाळी शारजाहून दुबईत येणं म्हणजे घोडबंदर रोडवर गायमुख ते माजिवडा रोज करणं, दोन्ही वेळा. ऑफिस दुबईत असेल तर शक्यतो मेट्रोच्या चालत्या अंतरावर लहान घर घ्या.

नळाचं पाणी

उन्हाळ्यातला सर्वांत विचित्र प्रकार आणि त्यावरचा सर्वांत साधा उपाय. मे ते सप्टेंबर 'थंड' नळाला गरम पाणी येतं. गच्चीवरच्या टाक्या आणि पाइप दिवसभर तापतात आणि दुपारी तर हात भाजेल इतकं कढत पाणी पडतं. यावर तिथले रहिवासी नळ उलटे वापरतात.

मे उजाडला की बाथरूमबाहेरचा गिझरचा लाल दिव्याचा खटका बंद करा. गिझर साठवणीचा असतो, बहुतेक घरांत सुमारे ५० लिटरचा, आणि घराच्या आत. त्यातलं पाणी रात्रभर एसीतल्या घराच्या तापमानाला येतं. आता अंघोळीला नळ 'गरम' बाजूला फिरवा, तिथून कोमट-गार पाणी येईल. हिशेब एवढाच, की टाकी रिकामी झाली की मागून गच्चीचं कढत पाणी भरतं आणि ते निवायला कित्येक तास जातात. म्हणजे ५० लिटरमध्ये घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी बसवायच्या. २० लिटरची बादली, माणशी पाऊण, तीन जणांचं भागतं. शॉवर लावलात तर पहिल्यालाच सगळं संपतं. आपल्याकडची बादली-तांब्याची सवय इथे पहिल्यांदा श्रीमंती ठरते.

फसतं कुठे? गिझर फॉल्स सीलिंगच्या पोकळीत असेल तर तिथे गारवा पोहोचत नाही आणि पाणी नुसतं कोमट राहतं. रात्री बाथरूमचं दार उघडं ठेवून थोडा फरक पडतो. दुसरं, पाहुणे. कुणी सवयीने खटका चालू केला की दोन्ही नळ चटके देणारे. खटक्यावर चिकटपट्टी लावा. तिसरी सूचना नाजूक आहे: संडासातल्या हातफवाऱ्याला, तिथे त्याला 'शत्ताफ' म्हणतात, गच्चीचंच पाणी येतं. जुलैच्या दुपारी आधी हातावर पाहा. खटका परत चालू करायचा तो थेट नोव्हेंबरात.

एसीतला कोरडा संसार

घरात सतत एसी असल्यामुळे हवा कोरडी राहते आणि त्याचे फायदे पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला फार गोड वाटतात. चिवडा जुलैत सादळत नाही. चपलांना बुरशी नाही, मीठ ओघळत नाही, काडेपेटी पहिल्या फटक्यात पेटते.

तोटा आंबवण्यात. २४ अंशांच्या स्वयंपाकघरात इडलीचं पीठ रात्रभर ढिम्म हलत नाही. पीठ बंद ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन न पेटवता फक्त आतला दिवा लावून. आठ-दहा तासांत फुगतं. दह्यालाही हीच जागा. उन्हाळ्यात उलट युक्ती, पीठ एसी नसलेल्या बाल्कनीत ठेवलं तर तीन-चार तासांतच वर येतं, विसरलात तर आंबट ढाण.

वाळवणाचं वेळापत्रक बदलायचं. आपण पापड-कुरडया एप्रिल-मेमध्ये घालतो. तिथे त्या दिवसांत वाऱ्याबरोबर बारीक वाळू येते आणि कुरडई दाताखाली करकरते. फेब्रुवारी-मार्चची ऊन-हवा उत्तम, वर मच्छरदाणीचं कापड ताणून. कपडे हिवाळ्यात बाल्कनीत दोन तासांत वाळतात, पण कठड्यावर किंवा कठड्याच्या वर दिसतील असे टाकू नका, दर्शनी भाग विद्रूप केला म्हणून दंड होतो. बुटका स्टँड आणा.

खाडी, मेट्रो आणि एक दिरहम

पर्यटकांसाठी मांडलेल्या शहरात रहिवाशाला काय मिळतं, तर पर्यटक ज्या गोष्टींकडे पाहतही नाहीत त्या मिळतात. दुबईच्या मधोमध खाडी आहे, अरबीत 'खोर'. बर दुबईहून देरापर्यंत 'अब्रा' नावाची लाकडी होडी जाते, भाडं एक दिरहम. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्या होडीत बसणं हा पन्नासपट महागड्या क्रूझपेक्षा चांगला कार्यक्रम आहे. सुटा दिरहम हातात ठेवा, नावाडी तो पाणी कापता कापता गोळा करतो.

मेट्रो ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली. 'नोल' हे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या, तेच बसला चालतं आणि मोठ्या उद्यानांच्या फाटकावरही. भाडं किती झोन ओलांडले त्यावर: साध्या चंदेरी कार्डावर ३, ५ किंवा ७.५ दिरहम. डब्यात खाणं-पिणं, च्युइंगमसुद्धा, दंडाला पात्र. गुलाबी पट्ट्यापलीकडचा डबा बायका-मुलांचा, गर्दीत चुकून तिकडे शिरलेल्या पुरुषाला १०० दिरहम. रविवारी सकाळी गाड्या आठ वाजता सुरू होतात, पहाटेच्या विमानासाठी त्यांच्यावर विसंबू नका. ठाण्याहून सात बावीसची फास्ट पकडणाऱ्याला पहिले काही दिवस दारात लटकणारं कुणीच नाही हे पाहून चुकल्यासारखं होतं.

गाडी मात्र घाईने घेऊ नका. भारतीय लायसन्स सरळ बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. भारतीय लायसन्सवर शिकवणीशिवाय थेट परीक्षेची एक संधी देतात. त्यात नापास झालात की पूर्ण शिकवणी. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं आणि गोल चौकात आधीपासून आत असलेल्याला वाट द्यायची, या दोन सवयी बसल्याशिवाय ती संधी वाया घालवू नका, दोन-चार तास तरी आधी शिका. टोल नाक्यावर थांबणं नाही, 'सालिक'ची कमान वरूनच पैसे कापते: गर्दीच्या वेळी ६, एरवी ४ दिरहम, रात्री १ ते ६ फुकट. मुलुंड-ऐरोलीचा टोल सुटल्याचं सुख इथे उरत नाही.

मासळी

देराचा वॉटरफ्रंट मार्केट हा कोकणी-आगरी घरांसाठी शहरातला सर्वांत मोठा दिलासा. वातानुकूलित मासळी बाजार, खाली ओल नाही, वास बेताचा. नावं वेगळी: सुरमईला 'कनाद' किंवा किंगफिश, पापलेटला 'झुबैदी', कोळंबीला 'रुबियान', गोब्र्याच्या जातीच्या माशाला 'हमूर'. माशाचे डोळे, कल्ले पाहायचे ते इथेही. भाव किलोचा विचारा आणि वजन डोळ्यासमोर करून घ्या. साफ करायचा काउंटर वेगळा, तिथे पैसेही वेगळे. 'करी कट' म्हटलं की लहान तुकडे करतात, तळायची सुरमई हवी असेल तर बोटाने जाडी दाखवा. हिंदी चालते. भाषेची भीती बाळगून गेलेल्यांना हा मोठाच धक्का असतो: दुकानदार, टॅक्सीवाला, वॉचमन, सगळ्यांशी हिंदीत भागतं. तसंही नातं जुनंच, १९६६ पर्यंत आखातात रिझर्व्ह बँकेने छापलेला 'गल्फ रुपी' चालायचा.

हिवाळ्याची खरी दुबई

डिसेंबर ते फेब्रुवारी दुपार चोविसाच्या आसपास, पहाट चौदा-पंधरा. स्वेटर लागतो, ठाण्यात माथेरानसाठी ठेवलेला तोच. या दिवसांत घरात बसून राहणं हा गुन्हा.

नवी मुंबईकरांसाठी खास: सीवूड्सच्या तळ्यात आणि ठाणे खाडीत जे फ्लेमिंगो पाहता, त्यांचे भाऊबंद दुबईच्या खाडीच्या टोकाला, रास अल खोर अभयारण्यात दिसतात. दोन्ही जागा महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत, रास अल खोर २००७ पासून आणि ठाणे खाडी २०२२ पासून. तिथे लाकडी आडोशांतून पाहायचं, प्रवेश फुकट. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. सकाळी जा, दुर्बीण न्या आणि फोटोत पक्ष्यांच्या मागे गगनचुंबी इमारती येतील अशी जागा धरा. ऐरोलीच्या बोटीत बसून ऐरोली पुलामागचे पक्षी टिपणाऱ्याला ही चौकट ओळखीची वाटेल.

अल कुद्राच्या वाळवंटात ८० किलोमीटरहून लांब सायकल मार्ग आहे, सायकल तिथेच भाड्याने मिळते. माणशी दीड-दोन लिटर पाणी घ्या आणि जायचं अंतर ठरवण्याआधी वारा कुठून आहे ते पाहा. जाताना पाठीवर असलेला वारा परतताना तोंडावर येतो आणि वीस किलोमीटरचे चाळीस वाटतात. तंबू टाकून राहायचं तर डांबरी रस्त्याजवळच. साधी गाडी वाळूत घालू नका. फोर बाय फोर असेल तरी चाकांतली हवा १५ पीएसआयच्या आसपास उतरवल्याशिवाय, दोरखंड आणि दुसरी गाडी सोबत असल्याशिवाय जाऊ नये. हवा न उतरवता गेलेली गाडी पहिल्याच चढावर रुतते आणि ॲक्सिलरेटर दाबत राहिलं की पोटापर्यंत खाली जाते. शेगडीचा निखारा वाळूत पुरू नका, तो तासन् तास आत धुमसत राहतो आणि नंतर कुणाचं तरी पोर अनवाणी येतं.

पाऊस वर्षात मोजके दिवस. १६ एप्रिल २०२४ ला मात्र एका दिवसात शहर बुडालं आणि अमिरातीत त्या २४ तासांत सर्वाधिक २५४.८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ठाण्यात जुलैत असा दिवस आला तर शाळा सुटते एवढंच, पण तिथल्या रस्त्यांना पावसाचा निचरा करायची सवय नाही. इशारा आला की गाडी तळघरातून वर काढा.

फोन, पैसे, वर्गणी

व्हॉट्सअॅपवर संदेश जातात, फोन लागत नाही. 'तिकडे गेल्यापासून बोलतच नाही' हा आईचा रुसवा टाळायचा तर निघण्याआधीच तिच्या फोनवर बोटिम किंवा गुगल मीट हे तिथे चालणारं कॉलचं अॅप घालून दोन-तीनदा सराव करून घ्या. वेळेचा फरक दीडच तास, भारतात रात्रीचे नऊ तेव्हा तिथे साडेसात. भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. बचत खातं एनआरओत (अनिवासी भारतीयाच्या इथल्या उत्पन्नाचं खातं) बदलायचं, परदेशातल्या कमाईसाठी एनआरई उघडायचं. निवासी खातं तसंच चालवत राहणं नियमात बसत नाही.

सण साजरे होतात. जेबेल अलीत ऑक्टोबर २०२२ मध्ये मोठं हिंदू मंदिर उघडलं. घरी गणपती बसवायला अडचण नाही, विसर्जन घरच्या बादलीत, शाडूची लहान मूर्ती घेतली की काम सोपं. पण एक गोष्ट काटेकोरपणे पाळा: परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. बिल्डिंगच्या ग्रुपवर 'माणशी ५० दिरहम' असा निरोप टाकणंही अंगाशी येऊ शकतं. पाच घरांनी मिळून करायचं तर एकाने फुलं, एकाने मोदक, एकाने आरतीची ताटं, असं वाटून घ्या.

जुलैत गावी येताना

शाळांना सुट्टी लागली की अर्धी बिल्डिंग भारतात येते आणि बिल वाचवायचं म्हणून एसी बंद करून कुलूप लावते. ही महागात पडणारी काटकसर. बंद घरात बाहेरचा दमटपणा शिरतो, आणि महिन्याभराने कपाट उघडलं की पैठणीवर आणि चामडी बुटांवर बुरशीचे पांढरे ठिपके. एसी २६-२७ वर, पंखा 'ऑटो'वर ठेवून जा. कपाटांची दारं उघडी, गाद्या भिंतीपासून सरकवलेल्या, फ्रिजमधलं नासणारं वाटून टाकलेलं. पाण्याची मुख्य झडप बंद. मोऱ्यांच्या जाळ्यांवर जाड प्लास्टिक अंथरून कडेने पट्टी मारा, नाहीतर मोरीखालच्या सापळ्यातलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी आटून घरभर गटाराचा वास भरतो आणि झुरळंही वर येतात.

परत आल्यावर झडप उघडली की सगळे नळ पाच मिनिटं सोडा, पहिलं पाणी तांबूस येतं. ते बादलीत धरून झाडांना घाला, पण निवल्यावर.